मार्गरीत, लेओनी आणि आपल्या पणज्या

जॉर्जेटचे एखादे पातळ कधीच आले नाही, असे मराठी घर विरळाच. घडी मोडताना त्याचा झुळझुळीतपणा बोटांना जाणवतो. पण हे नाव मुळात कापडाचे नसून एका बाईचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये जॉर्जेट द ला प्लांत नावाची कपडे बेतणारी एक बाई होती. तिच्यावरून या कापडाला हे नाव पडले असे सांगतात. फ्रेंच तोंडात त्याचा उच्चार होतो ‘झोर्झेत’. आज पॅरिसमध्ये एखादी झोर्झेत भेटलीच, तर ती बहुधा काठी टेकत चालणारी आजी असेल. आपल्याकडे द्वारका किंवा गोदावरी म्हटले की जशी नऊवारीतली मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, तशातलाच हा प्रकार.

मी मराठी शिकवून पोट भरणारा मास्तर. फ्रेंचशी माझा संबंध कादंबऱ्यांपुरता, आणि तोही बराचसा भाषांतरांतून आलेला. परंतु त्या वाचता वाचता त्यांतल्या बायकांच्या नावांचा मला छंदच जडला. मार्गरीत, मादलेन, लेओनी, आदेल, उझेनी, ओर्तांस! नुसती उच्चारून पाहावीत. क्लेमांस, कॉन्स्तांस यांतला तो नाकातून अलगद निघणारा स्वर ऐकला, की मला चित्पावनी बोलीत बोलणाऱ्या जुन्या आज्यांची आठवण होते.

अर्थही पाहण्यासारखे आहेत. क्लेमांस म्हणजे क्षमा, ब्लांश म्हणजे शुभ्र, क्लेर म्हणजे उजळ. मार्गरीतचा मूळ अर्थ मोती. पण फ्रेंचांच्या लेखी ते पिवळ्या डोळ्याचे, पांढऱ्या पाकळ्यांचे साधेसे रानफूल. प्रेमात पडलेली माणसे त्याची एकेक पाकळी खुडत ‘थोडे, पुष्कळ, वेड्यासारखे, मुळीच नाही’ असा आपल्या नशिबाचा कौल लावतात. काही नावे पुरुषांच्या नावांना शेपूट जोडून झालेली. पोलची पोलेत, आंरीची आंरिएत, आंत्वानची आंत्वानेत, झोझेफची झोझेफीन. आपण घराचे घरकुल करतो, तसाच तो ‘एत’ लहानपणाचा आणि लाडाचा प्रत्यय आहे.

वाचकहो, इतकी गोड नावे फ्रेंच आईबापांनी हौसेने शोधून काढली असतील, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. मूल जन्मले की नाव द्यायचे ते बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेचे. आणि धर्ममाता पुष्कळदा आजीच असे. त्यातून एकेक नाव पिढ्यान्‌पिढ्या घरात फिरत राही. पुढे नेपोलियनच्या अमदानीत १ एप्रिल १८०३ रोजी कायदाच झाला: निरनिराळ्या दिनदर्शिकांत रूढ असलेली नावे आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावे, एवढीच नोंदवून घ्यावीत. दिनदर्शिका म्हणजे व्यवहारात संतांची यादी. एकेक दिवस एकेका संताचा, आणि त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या. पोस्टमन वर्षाअखेरीस घरोघर जी दिनदर्शिका घेऊन येतो, तीतही ही नावे छापलेली असतात. २५ नोव्हेंबर हा संत कातरीनचा दिवस. पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या मुली त्या दिवशी पिवळ्याहिरव्या टोप्या घालून मिरवीत. त्यांना ‘कातरिनेत’ म्हणत. थट्टाच ती, पण टोपीखालच्या मुलीला ती किती गोड लागत असेल कोण जाणे!

या नावांना आणखी एक काळी कड आहे. एकोणिसाव्या शतकात खेड्यातली पोर सुखवस्तू घरात कामाला लागली, की पुष्कळ मालकिणी तिचे नाव विचारण्याच्या भानगडीत पडत नसत. मोलकरीण म्हणजे ‘मारी’. आधीची गेली, नवी आली, तरी हाक तीच. फ्लोबेरने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एक साधे हृदय’ या कथेतल्या मोलकरणीचे नाव ठेवले फेलिसिते. फेलिसिते म्हणजे सुख. तिने अर्धे शतक दुसऱ्याच्या घरी राबावे, जीव लावलेले एकेक माणूस गमवावे, आणि अखेर एका पोपटावर माया करीत मरावे! आपल्याकडच्या ‘नाव सोनुबाई’ या म्हणीत हसू आहे. फ्लोबेरने त्याच विसंगतीतून डोळ्यांत पाणी आणले.

विसाव्या शतकात या नावांचे दिवस फिरले. सरकारच्या सांख्यिकी संस्थेकडे १९०० पासूनच्या नावांची गणती आहे. तीत मुलींमध्ये पन्नास वर्षे मारीच पहिली. मग आली मार्तीन, तिच्यामागून सिल्व्ही, नाताली. ओर्तांस आणि लेओनी ही नावे म्हाताऱ्यांच्या गळ्यात राहिली. १९६६ मध्ये सरकारने नियम सैल केला, आणि १९९३ च्या कायद्याने आईबापांना हवे ते नाव ठेवण्याची मोकळीक दिली. मात्र नाव मुलाला जाचक होईल असे दिसले तर न्यायालय आडवे येऊ शकते. चॉकलेटच्या एका प्रसिद्ध लगद्यावरून मुलीचे नाव ‘न्यूटेला’ ठेवू पाहणाऱ्या जोडप्याचे प्रकरण २०१५ साली गाजले. न्यायालयाने त्या मुलीला ‘एला’ केले. याउलट, जुन्या नियमाच्या काळात ब्रितानी प्रांतातल्या एका कुटुंबाने मुलांना आपल्या ब्रेटन भाषेतली नावे दिली, तेव्हा अधिकाऱ्यांनी ती नोंदवून घेतली नाहीत. हक्काच्या नावासाठी त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे भांडावे लागले. गोड नावांची ती जुनी यादी दुसऱ्या कुणाला अशी कुंपणासारखी काचत होती.

आता मौज पाहा. कुंपण निघाले, सारे रान मोकळे झाले, आणि आईबाप पुन्हा पणजीच्या दाराशी आले! लुईझ, झान, आलीस, रोझ, लेओनी ही नावे बालवाडीत पुन्हा ऐकू येऊ लागली. लुईझ तर अलीकडे अगदी वरच्या क्रमांकांत असते. नाव परत यायला शंभरएक वर्षे लागतात, असे तिकडे म्हणतात. आईचे नाव शिळे वाटते, आजीचे म्हातारे वाटते. पणजी मात्र इतकी दूर गेलेली असते, की तिच्या नावाला पुन्हा नवेपणाचा वास येतो. सगळ्यांचेच नशीब असे नसते. झेर्मेन अजून दारातच ताटकळत उभी आहे.

हे वाचताना मला आपल्या पणज्या आठवतात आणि मन थोडे खट्टू होते. फ्रेंच मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या आडनावाने ओळखली जाई खरी. पण जन्मनोंदीतले नाव कोणी बदलू नये असा कायदा तिथे १७९४ सालीच झाला. झान ही मरेपर्यंत झान. नवऱ्याने नाव बदलल्याची उदाहरणे तिथेही आहेत. नेपोलियनची राणी माहेरी रोझ होती, तिला झोझेफीन केले ते नेपोलियनने. परंतु तिथे जो एका सम्राटाचा लहरीपणा, तो आपल्याकडे घरोघरचा संस्कार होता. ताम्हनात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे. त्या तांदळांखाली जुने नाव कायमचे पुरले जाई. माझ्या आजीचे माहेरचे नाव काय होते, हे आमच्या घरात आज कोणालाही सांगता येत नाही. तिला त्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस गेले, त्या दिवशी ते नावही गेले.

फ्रेंच पणजीचे नाव शंभर वर्षांनी परत येऊ शकते, कारण ते कुठेतरी लिहिलेले आहे आणि कुणाला तरी आठवते आहे. ठकू, बयो, चिमा, साळू या आपल्या नावांतही गोडवा काही कमी नाही. ती नातीला ठेवायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण ठेवायची म्हटली तर ठाऊक तरी हवीत! दिवाळीत घर भरलेले असते, भाऊबिजेला आत्या येतात, मामा येतात. फराळाची ताटे पुढे आली म्हणजे घरातल्या सर्वांत वडील बाईला एवढेच विचारावे: “आजी, माहेरी तुम्हांला काय म्हणत?” आणि त्या सांगतील ते कुठेतरी लिहून ठेवावे.