कंपवात : औषधाचा अंमल आणि अतिरेक

ज्या १९६९ साली सेवाग्रामास महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, त्याच साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी, मेंदूच्या साथरोगानंतर वर्षानुवर्षे पुतळ्यासारख्या जखडून बसलेल्या रुग्णांना लेव्होडोपा हे नवे औषध देण्यास आरंभ केला. रुग्ण उठले, बोलले, चालूही लागले. परंतु अल्पावधीतच त्यांपैकी अनेकांना अंगविक्षेप, भास आणि उन्माद यांनी ग्रासले. कंपवातावरील प्रमुख औषध आजही तेच असल्यामुळे त्या अनुभवाचे मर्म वर्धा जिल्ह्यातील रुग्णाच्या घरीही ठाऊक असावयास हवे.

या व्याधीत मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्रमशः नष्ट होतात आणि लेव्होडोपा ती उणीव भरून काढते. प्रारंभीच्या वर्षांत उर्वरित पेशी हे द्रव्य साठवून जपून वापरतात, सबब गोळीची वेळ थोडी चुकली तरी फारसे बिघडत नाही. पुढे हा संचय आटला, की शरीर गोळीच्या घड्याळावर चालू लागते. मात्रा उतरली की पाऊल जमिनीस खिळते, आणि मात्रा ऐन भरात आली की मान डोलू लागते, हात वळवळतात, धड झुलते. मूळ कंप बहुधा स्वस्थ बसलेल्या हातास एका ठेक्यात येतो, हे विक्षेप मात्र अनियमित व नृत्यवत असतात. परंतु आर्वी वा समुद्रपूरकडील घरात हा भेद कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि ‘बाबांचा आजार वाढला’ असे समजून मुलगा आणखी अर्धी गोळी देतो, ज्यायोगे विक्षेप अधिकच बळावतात.

अतिरेकाचा अंमल मनावरही चालतो. खोलीत नसलेली माणसे दिसणे, पत्नीविषयी निष्कारण संशय येणे, उठून उभे राहताच रक्तदाब उतरून पडणे, हे प्रकार वार्धक्याच्या खाती टाकले जातात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांस जुगाराचा, खरेदीचा वा कामवासनेचा अनावर छंद जडतो, आणि शरमेमुळे तो लपविला जातो. ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे वृद्धांची स्मृती मंदावते व लघवी अडते.

आपल्याकडील आणखी दोन बाबी ध्यानी घ्याव्यात. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा निसर्गतःच असते. तेव्हा गोळ्या चालू असता डॉक्टरांस न कळविता तिचे चूर्ण घेणे म्हणजे मात्रा गुपचूप वाढविणेच होय. उलटपक्षी, वरणासारखा प्रथिनयुक्त आहार गोळीबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटू शकते आणि कमी पडल्याचा भास होऊन मात्रा वाढविली जाते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. शिवाय चक्कर वा उलटीवरील सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड अशी औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही हुबेहूब कंपवाताची लक्षणे उद्भवतात. तेथे नवी गोळी वाढविण्याऐवजी जुनी बंद करण्याची तजवीज डॉक्टरांनी करावयाची असते.

मात्र हे वाचून कोणी औषध एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास तीव्र ताठरता, ज्वर आणि बेशुद्धी यांनी प्राणावर बेतू शकते. मात्रेचा अखत्यार डॉक्टरांचाच. एकेक मात्रा लहान करून ती अधिक वेळा देणे, भास घडविणारे औषध काढणे, विक्षेपांवर अमँटाडीनची योजना करणे, हे उपाय त्यांच्या हाती असतात. घरच्यांनी त्यांस खरी कैफियत द्यावी. साध्या वहीत चार-पाच दिवस गोळीची वेळ, जेवणाची वेळ, ताठरता केव्हा आली आणि विक्षेप केव्हा, हे टिपावे. विक्षेपांचे मोबाईलवर चित्रण करावे. आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, सावंगीस किंवा नागपुरास जाताना ती वही, चित्रण व घरातील यच्चयावत औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. नोंद हाती आल्याशिवाय मात्रा वाढविण्याचा आग्रह कोणी धरू नये.