प्रवरसेन : एक नाव, अनेक राजे

शब्दार्थ

‘प्रवर’ म्हणजे श्रेष्ठ. ज्याची सेना श्रेष्ठ तो प्रवरसेन, असा हा बहुव्रीही समास. प्राकृतात त्याचेच ‘पवरसेण’ झाले. सर्वसेन, रुद्रसेन, देवसेन अशी सेनान्त नावे विदर्भातील वाकाटक घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली.

वाकाटकांची भूमी

यवतमाळ वाकाटकांच्या भूमीच्या साधारण मध्यावर येते. पश्चिमेस वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. ईशान्येस वर्ध्याजवळचे पवनार आणि त्यापलीकडे रामटेकजवळचे नगरधन, म्हणजे नंदिवर्धन. वत्सगुल्म आणि नंदिवर्धन ही घराण्याच्या दोन शाखांची केंद्रे होती.

पहिला प्रवरसेन

विंध्यशक्तीचा हा पुत्र तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आला. त्याने चार अश्वमेध केले. वाकाटकांत ‘सम्राट’ ही पदवी त्याच्या एकट्याचीच. पुराणांत तो ‘प्रवीर’ या नावाने येतो. त्याच्या पश्चात राज्य विभागले गेले : नातू रुद्रसेन नंदिवर्धनाकडे, पुत्र सर्वसेन वत्सगुल्मात. वत्सगुल्म शाखेतही पुढे एक प्रवरसेन झाला.

दुसरा प्रवरसेन

नंदिवर्धन शाखेतील हा राजा पाचव्या शतकातला. आई प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. त्याचे अनेक ताम्रपट सापडले आहेत. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट त्याच्या 18व्या राज्यवर्षाचा असून त्यात 1000 ब्राह्मणांना 8000 ‘भूमी’ मापाची जमीन दिल्याची नोंद आहे. मात्र दानपत्रांपेक्षा त्याचे मोठे देणे ‘सेतुबंध’ हे काव्य होय. माहाराष्ट्री प्राकृतातील या 15 आश्वासांच्या (सर्गांच्या) काव्यात रामाच्या सेतूपासून रावणवधापर्यंतची कथा आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त या कवीची कीर्ती गायिली. मराठीची पूर्वज असलेली भाषा राजसभेत किती प्रौढ झाली होती, हे या काव्यावरून कळते.

काश्मीरचा प्रवरसेन आणि एक गोंधळ

कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’नुसार काश्मीरच्या प्रवरसेनाने वितस्तेच्या काठी प्रवरपूर वसवले, आजचे श्रीनगर ते हेच. त्याने नदीवर होड्यांचा सेतूही बांधला. नाव एक आणि दोन्हीकडे ‘सेतु’. त्यामुळे ‘सेतुबंध’ काश्मीरच्या राजाचे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला. अकबरकालीन टीकाकार रामदास मात्र या काव्याचा संबंध विक्रमादित्य आणि कालिदासाशी जोडतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे बिरुद ‘विक्रमादित्य’ आणि तो वाकाटक प्रवरसेनाचा मातामह. म्हणून विदर्भाकडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. तरी एक अडचण उरते : ताम्रपटांत हा राजा शिवभक्त दिसतो, तर काव्याचा आरंभ विष्णुस्तुतीने होतो.

विदर्भातील प्रवरपूर

वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनानेही प्रवरपूर नावाची राजधानी वसवली. चम्मकचे दानपत्र तिथूनच दिलेले आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ती पवनार येथे मानली. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननात वाकाटककालीन भव्य वास्तू उघड झाल्यावर काही पुरातत्त्वज्ञांनी मनसरचा पक्ष घेतला आहे.