नवा प्रोटीन स्किमर आणि खाऱ्या टाकीतील शेवाळ

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केल्यामुळे किनारी कुटुंबांना शोभिवंत सागरी माशांचा पूरक व्यवसाय खुला झाला. मात्र जनक जोड्यांच्या टाकीला नवा प्रोटीन स्किमर जोडल्यावर सुरुवातीस अनेकांची निराशा होते. कधी फेसच येत नाही, तर कधी कप भरून वाहतो. यंत्र सहसा सदोष नसते. प्लास्टिकवरील तेलकट अंश जाऊन आतल्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा पातळ थर बसेपर्यंत फेस स्थिरावत नाही. त्यास एक-दोन आठवडेही लागतात. स्किमर आधी सौम्य व्हिनेगरच्या पाण्याने धुवावा, पाण्याची पातळी कायम राखावी आणि झडप रोज फिरवण्याचा मोह टाळावा.

याच सुमारास काचेवर दिसणारा तपकिरी थर डायाटमचा असतो. सिलिकेट संपले की तो बहुधा आपोआप ओसरतो. हिरवे केसाळ शेवाळ मात्र नायट्रेट व फॉस्फेट साठल्याची खूण होय. स्किमर सेंद्रिय अंश कुजण्यापूर्वी काढतो, एकदा तयार झालेले नायट्रेट नव्हे. ते अंशतः पाणीबदलाने घटते. बाष्पीभवनाची भर विहिरीच्या पाण्याने केल्यास त्यातील क्षार टाकीतच साचत जातात. तेथे आरओचे पाणी वापरावे. खाद्य मोजके द्यावे, थेट ऊन टाळावे. घाईने तांबेयुक्त शेवाळनाशक ओतल्यास शेवाळाबरोबर समुद्रफुले व गोगलगायीही दगावतात.

पिल्लांच्या टाकीत मात्र स्किमर चालवू नये. तेथील सूक्ष्म शैवाल रोटिफरचे खाद्य असते आणि रोटिफर पिल्लांचे.