श्राव्यातीत पृष्ठतरंगांद्वारे अरैखिकतामापन

घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या श्राव्यातीत तरंगाचा आकार किती बदलतो, त्यावरून पदार्थाच्या स्थितिस्थापक वर्तनातील अरैखिकता मोजण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. तडा पडण्यापूर्वीच पदार्थाच्या सूक्ष्मरचनेत झालेली हानी नमुना न मोडता ओळखता येणे, हे या पद्धतीचे मुख्य महत्त्व होय.

हुक यांच्या नियमानुसार प्रतिबल व विकृती परस्परांच्या सम प्रमाणात असतात. प्रत्यक्षात आंतरआणवीय प्रेरणा, स्फटिकांतील दोष व सूक्ष्म भेगा यांमुळे हा संबंध किंचित ढळतो. परिणामी एकाच कंप्रतेचा तरंग पुढे जाताना विरूप होतो आणि दुप्पट कंप्रतेचा एक क्षीण घटक (द्वितीय प्रगुण) निर्माण होतो.

लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्ये पृष्ठतरंगांचे गणिती विवरण केले. या तरंगांची बहुतेक ऊर्जा सु. एक तरंगलांबी खोलीच्या थरातच असते. ॲल्युमिनियममध्ये त्यांचा वेग सेकंदास सु. २,९०० मी. असल्याने ५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेस ही खोली सु. ०·६ मिमी. येते. धातूचा शिणवटा बहुधा पृष्ठभागापासूनच सुरू होत असल्याने हे तरंग सोयीचे ठरतात. शिवाय वस्तूची एकच बाजू उपलब्ध असली तरी पुरते. एकजिनसी पदार्थात त्यांचा वेग कंप्रतेवर अवलंबून नसतो. त्यामुळे मूळ तरंग व प्रगुण बरोबरीने पुढे जातात आणि प्रगुणाचा परमप्रसर मूळ परमप्रसराच्या वर्गाच्या व कापलेल्या अंतराच्या सम प्रमाणात वाढतो.

दाबविद्युत् स्फटिक प्लॅस्टिकच्या पाचरीवर बसवून तरंग निर्माण करतात व लेसर व्यतिकरणमापकाने किंवा दुसऱ्या स्फटिकाने ते टिपतात. पाचर, जोडद्रव व विवर्धक यांतही प्रगुण उत्पन्न होतो. पण तो नमुन्यातील अंतराबरोबर वाढत नाही. म्हणून अनेक अंतरांवर मापन करून आलेखाचा उतार काढतात. क्षीणन व विवर्तन यांसाठी दुरुस्ती करावी लागते.

अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निकेलाच्या उच्चतापसह मिश्रधातूवर ही पद्धती वापरली. ताण व शिणवटा यांमुळे झालेल्या आकार्य विरूपणाबरोबर अरैखिकता वाढल्याचे आढळले. काँक्रीटमधील सूक्ष्म भेगांच्या अभ्यासातही तिचा उपयोग झाला आहे. विस्थापनाचे निरपेक्ष मापन अवघड असल्याने पुष्कळदा अरैखिकतेचे सापेक्ष मूल्यच काढतात. त्यासाठी त्याच पदार्थाच्या निर्दोष नमुन्याशी तुलना आवश्यक असते.