रक्त आपले, अहवाल कोणाचा?

जनुकीय चाचण्यांवर सरकारने बंधने घालावीत का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. आपण तो त्या नावाने विचारला नाही, एवढेच. गर्भजल परीक्षण ही मुळात जनुकीय चाचणीच. गर्भाच्या पेशींतली गुणसूत्रे पाहिली की डाउन सिंड्रोमसारखे दोष कळतात, आणि त्याच पाहणीत मुलगा की मुलगी हेही कळते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी रुग्णालयांतले लिंगनिदान थांबवले गेले, तसा हा धंदा खासगी दवाखान्यांत गेला. आज थोडे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघडपणे होत. स्त्री-संघटना, डॉक्टर आणि वैज्ञानिक यांनी मुंबईत त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. तो राज्यापुरता होता. सीमा ओलांडली की रान मोकळे.

केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याची चर्चा नेहमी लिंगनिदानाच्या बंदीपुरती होते, पण त्यातले पाचवे कलम मला अधिक मोलाचे वाटते. चाचणीचे परिणाम बाईला समजावून सांगायचे, तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायची आणि त्या संमतीची प्रत तिच्या हातात द्यायची. चाचणी कोणत्या आजारांसाठी करता येईल, याची यादीही कायद्यातच आहे.

अंमलबजावणीचे काय झाले, ते जनगणना सांगते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

हा कायदा जन्माआधीच्या चाचण्यांचा. जन्मलेल्या माणसाचे काय?

मी गोराईत राहतो. म्हाडाच्या वसाहतीत, खाडीपलीकडच्या गावात नव्हे. शेजारच्या काकू एकदा मुलाचा अहवाल घेऊन आल्या. मुलीकडच्यांनी लग्नाआधी तपासणी मागितली होती आणि त्यात 'थॅलेसेमिया मायनर' असे आले होते. "दादा, हा आजार किती वाढलाय त्याचा?" आजार नव्हताच. मुलगा वाहक होता, म्हणजे जोडीतले एक जनुक सदोष, दुसरे ठीक; स्वतः ठणठणीत. मुलगीही वाहक असेल तरच प्रश्न, आणि तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. एवढी दोन वाक्ये प्रयोगशाळेत कोणी सांगितली नव्हती. काकूंनी चार रात्री डोळा लावला नव्हता.

सांगणे कोणावर बंधनकारकही नाही. राज्याचा १९४९ चा कायदा नर्सिंग होमचा आहे, प्रयोगशाळांचा नव्हे, आणि केंद्राचा २०१० चा आरोग्य आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या आधीच्या मसुद्यांत जनुकीय माहितीला 'संवेदनशील' म्हणून जास्तीचे कवच होते. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. विम्याबाबत थोडे बरे घडले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये 'आनुवंशिक आजार' या सरसकट शब्दावर दावा नाकारणे भेदभावाचे ठरवले, आणि विमा नियामकानेही त्या वर्षी आरोग्य विम्यातून तशी वगळणी न करण्याचे कंपन्यांना कळवले.

आता सरकार स्वतःच तपासणीस निघाले आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचे ठरले. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली हे त्यातले महत्त्वाचे जिल्हे. तपासलेल्याला कार्ड मिळते आणि लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहावीत, अशी कल्पना आहे. आजारी बाळांचे हाल पाहिलेला कोणीही या तपासणीला विरोध करणार नाही. मीही करत नाही. पण वाहक म्हणून शिक्का बसलेल्या मुलीचे कार्ड सासरचे मागणार, उद्या नोकरी देणारा मागणार. ते कोणी मागायचे नाही, हे आधी कायद्यात लिहायला हवे. आणि पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात 'वाहक' म्हणजे काय, हे कार्ड देण्यापूर्वी त्यांच्याच बोलीत सांगायला हवे. त्यासाठी नवी भाषा घडवावी लागणार नाही, १९९४ चे पाचवे कलम उचलले तरी पुरे.