ओरखडा बंपरला, किल्ली मात्र खुंटीला!

माझं माहेर अकोल्याचं आणि सासर अमरावतीचं. मध्ये शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले ती या एका रस्त्यासाठी. अकोल्यात भाऊ-भावजय आहेत, पण आई आता थकली. तिचा फोन आला की उठावं आणि निघावं, कुणाच्या सवडीची वाट बघत बसू नये, एवढीच माझी हौस.

शिकले, लायसन्स मिळालं, दोनदा ह्यांना शेजारी बसवून अकोल्याला जाऊनही आले. आणि एके दिवशी आपल्याच फाटकातून गाडी मागे घेताना खर्रर्र असा आवाज झाला. उतरून बघते तो काय! मागच्या पांढऱ्याशुभ्र बंपरवर चांगला वीतभर ओरखडा, आणि कोपऱ्यात बोटभर जागी रंग पार उडून काळं प्लॅस्टिक उघडं पडलेलं.

हे रागावले नाहीत. "राहू दे आता, मी आहे ना गाडी काढायला," एवढंच म्हणाले. मैत्रिणींनो, रागावले असते तर परवडलं असतं! मी किल्ली खुंटीला अडकवली ती दोन महिने काढली नाही. त्या दोन महिन्यांत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी एसटीनं गेले. काळा चष्मा लावून बसलेल्या आईनं पहिलाच प्रश्न केला, "गाडी काहून नाही आणली व?" मी चक्क खोटं बोलले, "सर्व्हिसिंगला दिली."

हाच तो अमरावती-अकोला महामार्ग, ज्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पाच दिवसांत पाऊणशे किलोमीटर रस्ता झाला, आणि मला दोन महिन्यांत घरचं फाटक ओलांडता येऊ नये!

नवरात्रात धाकटी भावजय अंबादेवीची ओटी भरायला आली. पाणी प्यायच्या आधी तिची नजर बंपरवर गेली. सगळी हकीकत ऐकून म्हणाली, "ताई, एवढ्यासाठी गाडी उभी ठेवली तुम्ही? हे तं घरीच निघते!" तिच्या अकोल्याच्या घरासमोर रंगकाम करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान आहे. ओट्यावर उभं राहून बघता बघता ती सगळं शिकली. तिनं मला जे शिकवलं तेच आज तुम्हांला सांगते.

आधी ओळखा, मग हात लावा

माझ्या सासऱ्यांच्या फियाटला स्टीलचा चकचकीत बंपर होता. त्याच्यावर क्रोमचा मुलामा असे, आणि तो निघाला की गंज धरे. आताच्या गाड्यांचा बंपर बाहेरून प्लॅस्टिकचा असतो. प्लॅस्टिक गंजत नाही. म्हणजे बंपरवरचा ओरखडा महिनाभर तसाच राहिला तरी गाडीचं काही बिघडत नाही. दरवाजाचा किंवा बॉनेटचा पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पावसाळ्याच्या आत त्याला रंग लावलाच पाहिजे.

या प्लॅस्टिकवर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. ओरखडा कुठल्या थरापर्यंत गेला, हे घरच्या घरी कळतं. सावलीत गाडी साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. पुष्कळदा निम्मा ओरखडा हा ओरखडा नसतोच. भिंतीचा चुना किंवा दुसऱ्या गाडीचा रंग नुसता वर चिकटलेला असतो! आता त्या जागेवर पाण्याचं बोट फिरवा. ओलं असताना रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर जखम वरच्या थरातच आहे. मग रेघेवरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशनं काम भागतं. नख अडकलं, खाली करडा प्रायमर किंवा काळं प्लॅस्टिक दिसलं, तर रंग लावावा लागेल.

वरवरच्या रेघांसाठी

गाडीच्या सामानाच्या दुकानातून रबिंग कंपाउंड, वॅक्स पॉलिश आणि मऊ मायक्रोफायबर फडकी आणा. फडक्यावर रुपयाएवढं कंपाउंड घ्या आणि तळहाताएवढ्या जागेत हलक्या दाबानं चोळा. पुसा, बघा, गरज वाटली तर पुन्हा चोळा. दोन-तीन वेळांत गेलं तर ठीक, नाहीतर थांबा. क्लिअर कोट केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. भांडी घासल्यासारखा जोर लावला तर ओरखडा राहील आणि थर जाईल!

रेघ थोडी हट्टी असेल तर २००० नंबरचा वॉटर पेपर घ्या. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून तो दहा मिनिटं भिजवा, खोडरबराला गुंडाळा आणि हलक्या हातानं एकाच दिशेनं दहा-बारा वेळा फिरवा. ती जागा धुरकट होईल. माझा तर जीव उडाला होता! पण घाबरू नका. कंपाउंड आणि मग पॉलिश लावलं की चमक परत येते.

रंग उडाला असेल तर

प्रत्येक गाडीच्या रंगाचा एक सांकेतिक क्रमांक असतो. तो बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. नुसतं 'पांढरा द्या' म्हणून चालत नाही. पांढऱ्याच्याही कितीतरी छटा असतात. तो क्रमांक सांगून टचअपचा रंग घ्या. सोबत प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर आणि क्लिअर कोट घ्या. पत्र्याचा साधा प्रायमर बंपरवर लावला तर पुढे पापुद्रे निघतात.

१. उडालेल्या जागेच्या कडा ८०० किंवा १००० नंबरच्या ओल्या पेपरनं घासून सपाट करा. बोट फिरवलं तर कड लागता कामा नये. धुऊन पूर्ण वाळू द्या.

२. भोवती मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावा. मागे गोल सेन्सर असतील तर तेही झाका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत आणि रंगाचा थर बसला तर नीट चालत नाहीत.

३. उघड्या प्लॅस्टिकवर प्रायमरचा पातळ हात द्या. वाळला की रंगाचे दोन-तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. घाईनं एकच जाड हात दिला की ओघळ आलाच म्हणून समजा.

४. जागा लहान असेल तर बारीक ब्रश पुरतो. स्प्रे घेतलात तर डबा दोन मिनिटं चांगला हलवा, एक वीत अंतरावर धरा आणि हात सतत हलता ठेवा. आधी श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर सराव करा. रंग जुळतो की नाही तेही कळेल.

५. शेवटी क्लिअर कोटचे दोन हात. टेप अलगद काढा. एक दिवस पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर गाडी धुऊ नका.

पांढरा, लाल असे साधे रंग जुळतात. चंदेरी किंवा मोतिया झाक असलेल्या रंगाला ठिगळ थोडं दिसणारच.

आता आपल्या वऱ्हाडाचं हवामान! एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तापलेल्या बंपरवर रंग बसायच्या आधीच वाळतो आणि खरबरीत होतो. पावसाळी दमट हवेत क्लिअर कोट दुधाळ पडतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम, तोही सकाळी ऊन चढायच्या आत, सावलीत आणि वारं पडलेलं असताना. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवा. मुलं, शेगडी, तुळशीपुढचा दिवा यांपासून दूर बसा, कारण स्प्रे पेट घेतो. उरलेला डबा उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका.

हे मात्र करू नका

नेलपॉलिश लावू नका, त्याची छटा जुळत नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण आणि थिनर तर मूळ रंगच विरघळवतात. तारेची घासणी, राख, भांड्यांची पावडर लांब ठेवा. टूथपेस्टनं अगदी पुसट रेघ जाते, पण त्यापेक्षा जास्त काही होत नाही. घरात कुणाची जुनी क्रोमच्या बंपरची गाडी असेल तर तिचा हलका गंज मात्र स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळला की निघतो.

बंपर वाकला असेल, तडा गेला असेल, एका बाजूनं फट पडली असेल किंवा दिवा हलत असेल, तर घरी प्रयोग नको. आतला आधार किंवा क्लिपा तुटलेल्या असू शकतात. तिथं मिस्त्रीच हवा.

विम्याचंही बघा. एक वर्ष क्लेम केला नाही की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते. ती वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममधले पहिले १००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, आणि साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. एका ओरखड्यासाठी ती सूट घालवायची का, याचा हिशेब आपण भाजीवाल्याकडे करतो तसाच करावा!

आणि किल्ली?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नणंद-भावजय अंगणात पाट टाकून बसलो. दुपारच्या जेवणापर्यंत काम उरकलं. माझा हात सफाईदार नाही. जवळून बघितलं तर कोपऱ्यात पुसट कड दिसते. हे वाकून बघत म्हणाले, "बरं जमलं की!" मी म्हटलं, "फाटकाचं पण जमवलंय." खांबाला बंपरच्या उंचीवर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली होती आणि वर आरशात दिसेल असा चुन्याचा पट्टा ओढला होता.

आठ दिवसांनी भावजयीला सोडायला मीच निघाले. मूर्तिजापूरपर्यंत हात घट्ट होते, मग सैल पडले. अकोल्याला आई दारातच उभी होती. "झाली का व सर्व्हिसिंग?" तिनं विचारलं. मी तिला मागच्या बाजूला नेलं, तिचं बोट त्या कोपऱ्यावरून फिरवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. आई हसली. म्हणाली, "मले तं काहीच नाही लागलं हाताले."