अनिश्चयी माणसाला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे?

ज्याचे काही केल्या ठरत नाही अशा माणसासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. कुणी द्विधा मनःस्थितीत असतो, कुणी धरसोड वृत्तीचा असतो, कुणी ऐन वेळी कच खातो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी आपण सहसा घालत नाही. परकी भाषा शिकताना मात्र हा विवेक सुटतो आणि कोशातला पहिला शब्द आपण उचलतो. स्पॅनिशमध्ये तो शब्द 'इंदेसीसो' (स्त्रीसाठी 'इंदेसीसा'). शब्द उत्तम आहे, सगळीकडे चालतो. अडचण त्याच्या आधी येणाऱ्या क्रियापदाची आहे.

'असणे' या अर्थी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस इंदेसीसो' म्हटले की माणसाचा स्वभावच तसा ठरतो. 'एस्ता इंदेसीसो' म्हटले तर या घडीला, या बाबतीत त्याचे ठरलेले नाही, एवढाच अर्थ. आपले एकटे 'आहे' ही दोन्ही कामे निमूटपणे करते, म्हणून मराठी विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. बी. ए. झाल्यावर नोकरी धरावी की एम. ए. करावे, या विचारात पडलेल्या मित्राला 'एस' लावणे म्हणजे एका प्रश्नावरून त्याच्या साऱ्या स्वभावाचा निकाल लावणे होय. निवडणुकीच्या पाहण्यांत 'लोस इंदेसीसोस' असा शब्द येतो तो मत न ठरलेल्या मतदारांसाठी. त्यात ठपका नसतो.

'इर्रेसोलूतो' हा शब्द ग्रांथिक आहे आणि वजनदारही. तो बहुधा स्वभावालाच चिकटतो. बोलताना सहज वापरण्याजोगा नव्हे. 'बासिलांते' म्हणजे डळमळता: पाऊल, दिव्याची ज्योत, आवाज आणि मग माणूस. (मूळ क्रियापद 'बासिलार' जरा जपून वापरावे, स्पेनमध्ये व मेक्सिकोत बोलीत त्याचा अर्थ थट्टा करणे असा होतो.) 'तितुबेआंते' प्रामुख्याने बोलण्याला लागतो. तोंडी परीक्षेत चाचरणारा विद्यार्थी 'तितुबेआंते' असेल, पण त्याचे मत पक्के असू शकते. 'दुबितातीबो' चेहऱ्यावरची किंवा स्वरातली शंका दाखवतो.

वारंवार मत बदलणारा तो 'बेलेता', म्हणजे वातकुक्कुट. हे खरे तर नाम आहे. सेव्हिलच्या 'हिराल्दा' मनोऱ्यावर सोळाव्या शतकात बसवलेला स्त्रीरूपी ब्राँझचा पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. त्या काळी पुतळ्यालाच हिराल्दा म्हणत. 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागात (१६१५) एक सरदार या बाईला आव्हान दिल्याची बढाई मारतो, आणि जागा न सोडता इतकी चंचल असलेली स्त्री दुसरी नाही, असा विनोद सर्व्हांतेस साधून घेतो. मात्र 'बेलेता'चे दर वेळी ठरलेले असते. फक्त ते टिकत नाही. अनिश्चयी माणसाला हा शब्द लावणे अन्यायाचे आहे.

सर्वांत गंभीर शब्द 'आबूलिको', ज्याची इच्छाशक्तीच मावळली आहे असा. वैद्यकाच्या परिभाषेतला हा शब्द आंखेल गानिबेत या लेखकाने 'इदेआरिउम एस्पान्योल' (१८९७) या ग्रंथात साऱ्या देशाला लावला: स्पेनला 'आबूलिया' जडला आहे, असे त्याचे निदान. पुढच्याच वर्षी अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्यूबा, पोर्तो रिको व फिलिपीन्स गमावले आणि ते निदान लोकांच्या मनात घर करून बसले. आसोरीनच्या कादंबरीचे (१९०२) नावच 'ला बोलुंताद', म्हणजे 'इच्छाशक्ती'. तिच्या नायकाजवळ नेमकी तीच उरत नाही.

आपल्या बी. ए. झालेल्या मित्राला मात्र हा शब्द चुकूनही लावू नये. त्याला दोन्ही वाटा हव्या आहेत, म्हणून तर पेच. त्याच्या तोंडून उत्तर काढताना घरचे टेकीला आले असतील, तर स्पॅनिश माणूस विशेषणाच्या भानगडीत न पडता म्हणेल, 'एस्ता देसोखांदो ला मार्गारीता': डेझीच्या एकेक पाकळ्या खुडत बसला आहे. येथेही क्रियापद 'एस्तार'च आहे.